परतीचा ठोका

अनय आणि त्याचे तीन मित्र मिळून डोंगरवाटांवर फिरायला एक जुनी जीप विकत घेणार आहेत, हे कळल्यावर आईने श्यामसुंदरमामाला बोरिवलीला जेवायला बोलावले. मामाने जीपला विरोध केला नाही. जेवण झाल्यावर तो आम्हा दोघा भावंडांना घेऊन गच्चीवर आला, टाकीच्या कट्ट्यावर बसला आणि अनयला एवढेच विचारले, "चाकाचा नट तुमच्यातला कोण आवळणार? आणि तपासणार कोण?"

अनय म्हणाला, गॅरेजवाला आहे की. मामा हसला नाही.

त्याने पुढे जे सांगितले ते मी वेळा आणि तारखा दोनदा विचारून घेऊन लिहीत आहे. शेवटची एक गोष्ट वगळता मामाने यातले काहीही स्वतः पाहिलेले नाही. पाहिले ते दशरथ साटम यांनी. घाटकोपरचे जुने फिटर, मामाची आणि त्यांची ओळख तीस वर्षांची. थाप मारायलाही कल्पनाशक्ती लागते आणि ती दशरथकडे कधीच नव्हती, असे मामाचे मत आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५. संध्याकाळी सात वाजता दशरथ घाटकोपरहून रिक्षाने मुलुंडला निघाले. पिशवीत नटावर चढवायचे मोठे सॉकेट, गंज सोडवायचे तेल, हातोडी, छिन्नी. मांडीवर आडवा चार फुटी लोखंडी पाइप. कोणाचे डोके फोडायला निघालात, असे रिक्षावाल्याने विचारले. नटाचे, असे दशरथ म्हणाले.

काम देवव्रतचे होते. त्याच्या घरामागच्या अंगणात सहा वर्षे एक जीप उभी होती. तिचे पुढचे डावे चाक नव्हतेच. तिथे विटांचा टेकू होता आणि एक्सलच्या उघड्या टोकावर पाणी जाऊ नये म्हणून पत्र्याचा डबा उपडा घातलेला होता. रविवारी गिऱ्हाईक येणार होते, त्याला चाक काढून आतला भाग पाहायचा होता आणि उजव्या चाकाचा एक्सलचा नट काही केल्या निघत नव्हता.

ही जीप मुळात दोघांची होती, देवव्रतची आणि चंद्रप्रकाशची. दोघेही तिचे काम दशरथच्या गॅरेजमध्ये शिकले होते. या नटाखाली एक पातळ वॉशर असतो आणि त्याला पाकळी असते. नट आवळून झाला की ती पाकळी छिन्नीने नटावर वाकवायची, म्हणजे चाक कितीही फिरले तरी नट सुटत नाही. दशरथचा दंडक असा होता की ज्याने नट आवळला त्याने पाकळी वाकवायची नाही. ते काम दुसऱ्याचे. एकाची चूक दुसऱ्याच्या हाताखालून गेलीच पाहिजे. आवळणाऱ्याने हातोडीने दोन ठोके द्यायचे आणि मागे जॅकपाशी जाऊन बसायचे. दुसऱ्याने पाकळी वाकवून एक ठोका परत द्यायचा. तो ऐकू आला की गाडी खाली सोडायची. परतीचा ठोका आल्यावर उठून पाहायला जायचे नाही. तो जोडीदाराचा अपमान.

११ ऑगस्ट २०१९ च्या पहाटे चंद्रप्रकाश एकटाच जीप घेऊन गेला. येऊरच्या उतारावर डावे चाक एक्सलवरून निसटले आणि जीप नाल्यात गेली. चंद्रप्रकाश वाचला नाही. नट कधीच सापडला नाही. त्या टोकाला पाकळीही वाकवलेली नव्हती. देवव्रतने सगळ्यांना सांगितले की आदल्या संध्याकाळी तो मालाडला होता आणि दोन्ही चाके चंद्रप्रकाशने एकट्यानेच बसवली. दशरथने त्यावर विश्वास ठेवला. इस्पितळाच्या आवारात चंद्रप्रकाशच्या बायकोला, नीलाला, त्यांनीच सांगितले की एकट्याने केले, पाकळी विसरला. नीला म्हणाली होती, "ते विसरणार नाहीत, काका." दशरथने उत्तर दिले होते की लोखंड खोटे बोलत नाही. त्यानंतर तिने दशरथच्या घरी पाऊल टाकले नाही. नवऱ्याच्या निष्काळजीपणाची गोष्ट सासरी, माहेरी सगळीकडे दशरथच्या नावाने सांगितली जात होती आणि ती ऐकून घेत होती.

आठ वाजून दहा मिनिटांनी दशरथ उजव्या चाकापाशी बसले. देवव्रतने टॉर्च धरला होता. पण प्रकाश सारखा नटावरून सरकून टायरवर जात होता. दोनदा सांगून झाले. मग त्यांनी अंगठ्याने चाचपले. नटाच्या कडा चेचलेल्या होत्या आणि घाव ताजे होते. वॉशरची पाकळी नटावर वाकलेलीच होती. ती सरळ न करता कोणीतरी नटावर छिन्नी चालवली होती. अशा नटाला हत्ती लावला तरी तो फिरणार नाही, आणि हे देवव्रतला शिकवणारे ते स्वतःच होते.

दशरथ थांबले. टॉर्च त्यांनी त्याच्या हातातून काढून घेतला.

पाकळीच्या मुळाशी एक जुना वार होता, गंजलेला, उजवीकडून डावीकडे तिरका. डावखुऱ्याचा. चंद्रप्रकाश उजव्या हाताने काम करी. देवव्रत डावखुरा होता.

म्हणजे ही पाकळी देवव्रतने वाकवली होती. म्हणजे तो त्या संध्याकाळी मालाडला नव्हता.

दशरथने टॉर्च जमिनीवर टेकवला. छिन्नीने पाकळी सरळ केली. तेल सोडले, दहा मिनिटे थांबले. सॉकेट ठोकून बसवले, दांड्यावर पाइप चढवला आणि सगळे वजन टाकले. नट करकरला… पाव फेरा फिरला. थांबला.

घड्याळात आठ पंचेचाळीस झाले होते.

ठक… ठक.

जीपच्या पलीकडून. डावीकडून. जिथे चाक नव्हते.

दशरथने देवव्रतकडे पाहिले. तो शेजारीच उभा होता. पलीकडे कुंपणाची भिंत होती, भिंतीपर्यंत हातभर जागा. माणूस मावला नसता.

ठक… ठक.

घाई नव्हती. राग नव्हता. दिवसाचे काम उरकत असल्यासारखे.

देवव्रतच्या डाव्या हातात हातोडी होती. ती त्याने कधी उचलली हे दशरथने पाहिले नव्हते. हात वर गेला, सवयीने जातो तसा. अर्ध्यावर थांबला.

"खरा सांग देवा," दशरथ म्हणाले, "त्या दिवशी तू हंय, गाडीपाशी होतंस?"

देवव्रतने नजर हातोडीवरून काढली नाही.

"फोन आला होता, काका."

"मग?"

"त्याने दोन ठोके दिले. मी इकडेच होतो, या चाकापाशी. बोलत होतो… उठून पलीकडे जायचा कंटाळा आला. म्हटलं, नंतर वाकवतो." तो थांबला. "मी इकडूनच ठोका दिला."

"नि त्यानं गाडी खाली सोडली."

देवव्रतने होकारार्थी मान हलवली.

ठक… ठक.

हातोडी जमिनीवर पडली. परतीचा ठोका कोणीच दिला नाही. मग पलीकडचा आवाजही थांबला. दशरथ म्हणतात, तेव्हाची शांतता सर्वांत वाईट होती. कोणीतरी वाट पाहत आहे, एवढेच तिच्यात होते.

ते उठले, बोनेटला हात टेकत वळसा घालून डावीकडे गेले आणि टॉर्च डब्यावर धरला. डबा जागेवर होता. त्यावर सहा वर्षांची धूळ होती, बोटाचा एकही ठसा नव्हता. त्यांनी तो उचलला.

एक्सलच्या टोकावर नट होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दशरथ नीलाच्या दारात जाऊन उभे राहिले. सहा वर्षांपूर्वी जे बोललो ते चूक होते, हे त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितले आणि मग सगळे सांगितले. शेवटी नीला म्हणाली, "म्हणजे ठोका आल्यावरच गाडी सोडली ह्यांनी." पुढे म्हणाली, "आत या. चहा घ्या." दशरथने चपला उंबऱ्याबाहेर काढल्या.

मामा थांबला. दशरथ येण्याआधी देवव्रतनेच तो नट बसवला असेल, असे मी म्हटले. मामाने ते शांतपणे ऐकले. मग धूळ कशी राहिली, असे त्याने मलाच विचारले. आणि देवव्रतने तो का बसवावा, हेही.

"गिऱ्हाईक आलं, पाहून परत गेलं," मामा म्हणाला. "दशरथने तोच चार फुटी पाइप लावला, दोन माणसांनी जोर केला. डावीकडचा नट हलत नाही. मागच्या महिन्यात मी स्वतः जाऊन आलो. पावसाळा झाला, सगळ्या जीपला गंज आहे. त्या नटाला नाही. अगदी कालच आवळल्यासारखा."

"आणि पाकळी?" अनयने विचारले.

मामाने कट्ट्यावर पंजा टेकवला आणि तर्जनी ताठ वर केली.

"सरळ उभी आहे."