दुसऱ्या तपासणीचा रकाना

उमरग्यात हमरस्त्याला लागून नवं कॅन्सर रुग्णालय झालं, तेव्हा किरणोपचाराचं यंत्र आधी आलं आणि ते तपासणारं माणूस मागून. ते माणूस म्हणजे मंजुषा. यंत्रातून किरण नेमके किती पडतात हे मोजणारी सबंध इमारतीत ती एकटी. नोंदवहीत दोन रकाने होते, ‘मोजणी’ आणि ‘दुसरी तपासणी’. दुसरा रकाना दुसऱ्या तज्ज्ञानं भरायचा. तो आपला कोराच राही, कारण दुसरं कुणी नव्हतंच. मंजुषा निळ्या पेननं मराठी आकडे लिही, आणि तिच्या नवाची शेपटी हटकून खालच्या ओळीत घुसे.

पहिली रुग्ण सास्तूरची कमलबाई. घशात गाठ. सोमवारी दुपारी ती यंत्र बघायला आली, तेव्हा मंजुषा मोजणीच करत होती.

“आमच्यात एकानं ज्वारी मापली की दुसरा परत मापतो,” ती म्हणाली. “तुमचं कोन मापतं, म्याडम?”

“मीच.”

“दोन्ही बारीला?”

मंजुषा हसली खरी, पण तो प्रश्न तिला दिवसभर टोचत राहिला.

मोजणीच्या हिशेबात हवेचा दाब धरावा लागतो. रुग्णालयाचा दाबमापक दुरुस्तीला गेला होता, म्हणून तिनं मोबाइलवर पाहिलं: १०१२. त्या हिशेबानं किरण सात टक्के कमी पडत होते. उद्या सकाळी तेवढे वाढवू, असं ठरवून तिनं नोंद केली आणि खोलीला कुलूप घातलं. किल्ली एकच, तिच्याच पर्समध्ये.

सकाळी वही उघडली, तर कोऱ्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलेलं: 947. इंग्रजी आकडे. साताच्या कमरेला आडवी रेघ.

तिनं सगळ्यांची अक्षरं पडताळून पाहिली. असा सात तिथं कुणीच काढत नव्हतं. मग तिनं तो आकडा कालच्या १०१२ शेजारी धरून पाहिला. मोबाइल दाब सांगतो तो समुद्रसपाटीचा धरून. उमरगा त्याहून दोन हजार फूट तरी वर; इथला खरा दाब कमीच असणार.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून तिनं दाबमापक मागून आणला. काटा ९४७ वर थांबला.

यंत्र मुळात बरोबरच होतं. तिनं किरण वाढवले असते, तर कमलबाईचा घसा उपचाराचे पस्तीसही दिवस जास्तीचा भाजत राहिला असता. तिला रडू आलं. भीती मात्र वाटली नाही; आपल्याहून फार मोठं कुणीतरी पाठीशी उभं आहे असं वाटलं. तिनं वहीला हात जोडले.

तीन महिन्यांनी कमलबाई भाकरी गिळू लागली.

त्याच आठवड्यात ग्रेसचा निरोप आला. ग्रेस आफ्रिकेतल्या मलावीची, ऑनलाइन वर्गात ओळख झालेली. तीही आपल्या रुग्णालयात किरण मोजणारी एकटीच. सोबत तिच्या नोंदवहीचा फोटो.

“हे आकडे तुमच्या लिपीतले ना? यांनी माझी मोठी चूक पकडली. खोलीला कुलूप होतं.”

पहिल्या रकान्यात ग्रेसचं अक्षर. प्रत्येक साताच्या कमरेला आडवी रेघ.

दुसऱ्यात पेन्सिलीनं, मराठीत: ०.९९८.

नवांच्या शेपट्या खालच्या ओळीत घुसलेल्या.

मंजुषानं फोन खाली ठेवला. शाळा सुटल्यापासून तिनं पेन्सिल हातात धरली नव्हती.

तिनं उजवा हात उजेडात धरला. तर्जनीच्या टोकाला पेन्सिलीच्या शिशाचा काळा डाग होता.