चिंतूच्या वाटणीचा घास

टण्.

स्वयंपाकघरात वाटी वाजली.

लहानशी स्टीलची वाटी, काठाला पोचा आलेली. चिंतूची. भूक लागली की तो तिच्यावर चमचा आपटतो. तो आवाज त्याच्या आईला गाढ झोपेतही ओळखू येतो.

पण चिंतू तर तिच्या कुशीत झोपला होता.

आणि घरात तिसरं कुणीच नव्हतं...

ही गोष्ट रचलेली नाही. ज्या घरात घडली ते घर बोईसरला आहे, आणि त्यातली माणसं अजून तिथेच राहतात. भुताखेतांची गोष्ट म्हटली की आपण रात्र धरून चालतो. ही दुपारची आहे. मार्चमधला सोमवार. लाइट गेलेली, पंखा थांबलेला, सगळी बिल्डिंग गप्पगार.

चिंतूची आई, प्रियदर्शिनी, पडल्या पडल्या ऐकत राहिली. घरात तिला सगळे दर्शू म्हणतात.

टण्... टण्.

हळूच. लाडात आलेलं मूल वाजवतं तसं.

ती उठली. ओट्यावर पालथी घातलेली वाटी आता जमिनीवर होती. सरळ. आत घोटभर पाणी...

हिरवट पाणी. त्यात शेवाळाचा एक धागा.

"मांजर असेल," ती स्वतःशी म्हणाली. चौथ्या मजल्यावर, खिडक्यांना जाळ्या असताना, मांजर.

मग तिला शुक्रवार आठवला.

शुक्रवारी कैलासच्या कंपनीला सुट्टी असते. कैलास म्हणजे दर्शूचा नवरा, मूळचा परभणीकडचा. त्याच्या शिफ्टला चिंचणीचा ललित आहे. ललितच्या दाराशी समुद्र, पण वेड सगळं गोड्या पाण्यातल्या माशांचं. मनोरच्या आतल्या अंगाला एक धरण आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे तो गळ टाकायला जातो. त्या शुक्रवारी कैलासला घेऊन निघाला, तर चिंतूने बापाच्या पायाला मिठी मारली. मग दर्शूही डबा भरून निघाली.

धरणाच्या एका कडेला जुन्या दगडी पायऱ्या आहेत. पाण्यात उतरत जातात. खाली कुठवर जातात, कुणी सांगत नाही. धरण झालं तेव्हा जे गाव पाण्याखाली गेलं, त्या गावाच्या असाव्यात.

"परभणीवाले, गळ धरलाय का लाटणं?" ललित म्हणाला.

"तू तुझं बघ. सकाळपासून तुझ्या गळाला चप्पल तरी लागली का?"

तेवढ्यात ललितची दोरी हलली. तळहाताएवढी चिलापी. चिंतू टाळ्या पिटायला लागला. ललितने गळ सोडवला आणि मासा परत पाण्यात टाकला.

"अरे, सोडला का?"

"पैला मासा पाण्याचा. आमच्यात असंच. पाण्याचा हिस्सा देऊन टाकायचा, मग आपण मोकळे."

त्यानंतर मात्र काही लागेना. ऊन डोक्यावर आलं. दर्शूने वरणभात कालवला, वर तुपाची धार सोडली आणि चिंतूला मांडीवर घेतलं.

"हा घास चिऊचा. हा घास काऊचा..."

चिंतूने ओठ घट्ट मिटले. मान फिरवली.

मुलाने तोंड मिटलं की प्रत्येक आईकडे एक शेवटचं हत्यार असतं. दर्शूने तेच काढलं. ती पाण्याकडे बघून लाडाने म्हणाली, "बरं बाई. चिंतू नाही खात. ये रे बाळा, तू ये. चिंतूचा घास तू खा."

आणि भाताचा छान गोल घास करून तिने तो खालच्या पायरीवर ठेवला. जिथे पाणी पायरी चाटत होतं, तिथे.

घरी ती हेच खिडकीकडे बघून म्हणायची. खिडकीत कुणी नसायचं.

वारा नव्हता. धरण आरशासारखं पडलं होतं. तरी एक लहानशी लाट आली...

आणि पायरी कोरी झाली. एक शीतही उरलं नाही.

"बघ, खाल्लं बाळाने," दर्शू हसून म्हणाली. चिंतूने झटकन तोंड उघडलं. युक्ती लागू पडली म्हणून ती खूश.

त्याच क्षणी कैलासचा गळ खाली खेचला गेला.

रोहू. मग कटला. मग ललितला हातभर मरळ. पुन्हा रोहू. गळ पाण्यात पडायचा अवकाश, मासा हजर. कैलास हरखून गेला होता. ललित आधी हसत होता. मग हसायचा थांबला.

"चल. दोरी गुंडाळ."

"येडा झाला का? आत्ता तर लागायला लागलेत."

"मासा असा येत नाय, कैलास. खालून कुणी ढकलून दिल्यासारखा." मग दर्शूकडे न बघता म्हणाला, "वहिनी, पोराला उचला."

संध्याकाळी दर्शू मासे साफ करायला बसली. पहिल्या रोहूच्या पोटाला चीर दिली...

आत पिवळा भात होता. तुपाने चकाकणारा.

दुसऱ्यातही.

मरळीच्या पोटातही.

घास एकच ठेवला होता तिने.

"लोक सहलीला येतात, खरकटं टाकतात," कैलास म्हणाला आणि पोटभर जेवला. दर्शूने माशाला हात लावला नाही.

शनिवारपासून चिंतूने खाणं सोडलं. हट्ट नाही, रडणं नाही. ताट समोर आलं की शांतपणे म्हणायचा, "पोट भरलंय."

"कुणी भरवलं रे माझ्या सोन्याला?"

त्याने बाथरूमकडे बोट दाखवलं.

बोईसरला पाणी कधी येईल, कधी जाईल, नेम नसतो. म्हणून बाथरूममध्ये निळा ड्रम कायम भरलेला. दर्शूने जाऊन पाहिलं. ड्रम, झाकण, स्टूल, तांब्या. बस. पण चिंतूचा पापा घेताना तिच्या नाकात वास गेला...

चिखलाचा. तळाच्या कुजक्या गाळाचा. त्याच्या तोंडातून.

आणि सोमवारी ती वाटी वाजली.

तिने रात्री कैलासला सगळं सांगितलं. "झोप नीट होत नाही तुझी," तो म्हणाला. प्रेमानेच म्हणाला. पण मंगळवारी अर्धी सुट्टी टाकून दुपारीच घरी आला. म्हणूनच पुढचं दोघांनी पाहिलं.

बेल वाजली तेव्हा दर्शूचा नुकताच डोळा लागला होता. तिने दार उघडलं, वळली, आणि गादीकडे बघितलं.

चिंतू नव्हता.

त्याच्या उशीपाशी फरशीवर एक घास होता. ओला, गोल, नीट वळलेला, एका बाजूने चावलेला. थोड्या अंतरावर दुसरा घास असल्याची ओली खूण. मग तिसऱ्याची. चार वर्षांच्या पोराला एकेक उचलत चालत जाता येईल, अशा अंतराने. ओळ थेट बाथरूमपर्यंत...

आतून आवाज येत होता.

"हा घास चिऊचा. हा घास काऊचा..."

दर्शूने तोंडावर हात दाबला. कारण तो आवाज तिचाच होता. तेच लाडिक हेल. फक्त जड, पाण्यातून आल्यासारखा.

"हा घास चिंतूचा..."

कैलासने दार ढकललं. चिंतू स्टुलावर चढून ड्रममध्ये वाकला होता. आ वासून. ओठ पाण्याला टेकलेले. कैलासने त्याला कंबरेला धरून मागे ओढलं, तर पोर सहज येईना. पलीकडूनही कुणीतरी धरल्यासारखं.

मग एकदम सुटलं. ड्रममधलं पाणी गोल फिरत राहिलं.

कैलास भिंतीला टेकून खाली बसला. चिंतूला त्याने घट्ट धरून ठेवलं होतं.

"चारा लावतंय, दर्शू. आपण गळाला लावतो तसा."

त्याच संध्याकाळी ते चिंचणीला ललितच्या घरी गेले. ललितची आई, मंदाकाकी, ओटीवर चवळीच्या शेंगा मोडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"ललित, पैला मासा सोडलावतास ना?"

"सोडला, आये."

"मंग पाण्याचा हिस्सा पाण्याला पोचला. तो घास कोणाला दिलास गो बाय तू?"

दर्शू म्हणाली, "मी आपलं... चिंतूला फसवायला."

"पाणी कच्चं खातं. शिजलेलं माणूस खातो." काकीने आवाज खाली आणला. "न् तू तर बाळा म्हणून बोलावलास. पोराचं नाव घेऊन, पोराच्या वाटणीचं दिलास. ज्याला कोण नाय, त्याला आय मिळाली. आता तो दुसऱ्या पोराला कशाला ठेवील?"

"कोण आहे पण तो?"

"ता मला नाय ठाऊक. न् तू पण विचारू नको."

"मग करू काय मी, काकी?"

"जा न् त्याला सांग, तू माझा नाय. तीनदा सांगायचं. मदी थांबायचं नाय, न् काय पण ऐकलंस तरी मागं फिरायचं नाय." मग चिंतूच्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "याला इथं ठेव. याला पाण्यापाशी नको नेऊस."

बुधवारी सकाळी चिंतू काकीच्या ओटीवर झोपलेला असतानाच तिघं निघाली. धरणावर पोचली तेव्हा चांगलं ऊन होतं. कैलास आणि ललित वर थांबले. दर्शू पायऱ्या उतरली. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला.

"तू माझा नाहीस."

काही झालं नाही.

मग तिच्या ओढणीचं टोक पाण्याखालून कुणीतरी धरलं. लहान मुठीने. गर्दीत हरवू नये म्हणून मूल धरतं तसं...

"तू माझा नाहीस," ती पुन्हा म्हणाली.

आणि कुणीतरी हुंदका दिला. अगदी जवळ. दोन हुंदके, मग श्वास अडकून एक उचकी.

असं रडणारं मूल तिला ठाऊक होतं. तिने त्याला चार वर्षं छातीशी धरून उगी केलं होतं.

"दर्शू, म्हण," कैलास वरून ओरडला. "म्हण लवकर."

तिने डोळे मिटले.

"तू माझा नाहीस."

मूठ सुटली. बोटं एकेक करून सुटली. तिला ती मोजता आली असती.

चिंचणीला परतल्यावर तिने धावत जाऊन चिंतूला उचललं. घट्ट, कोमट, तिचा. "झोपूनच हाय तवापासून," मंदाकाकी म्हणाली. "मदी एकदा दचकून रडला, तेवढंच. घामाने केस बघ कसे भिजलेत."

दर्शूने केसांचा वास घेतला नाही. घ्यावासा वाटला नाही.

त्यानंतर सगळं निवळलं. ड्रम काढून टाकला. कैलासने गळ ललितला देऊन टाकला. चिंतू जेवायला लागला, आणि कसा. एक घास नको म्हणत नाही. वाटी चाटून पुसून लख्ख करतो. शेजारणी विचारतात, कुठलं टॉनिक सुरू केलंत.

फक्त आता तो वाटीवर चमचा आपटत नाही.

जेवायची वेळ झाली की समोर येऊन गप्प बसतो. आ वासून.

परवा दुपारचीच गोष्ट. वरणभात, वर तूप. दर्शू भरवत होती. "हा घास चिऊचा. हा घास काऊचा. हा घास माझ्या चिंतूचा."

त्याने सगळा भात संपवला. तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. आणि तिच्याकडे बघत अगदी शांतपणे विचारलं,

"आई, त्या दिवशी पायरीवर उभी राहून तू मला तीनदा 'तू माझा नाहीस' का म्हणालीस?"