बंद खेळातला शेजारी

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर राहू दे.

माझी मावसबहीण, आमची ताई, खोटं बोलत नाही. चांगुलपणामुळे नव्हे. खोटं रचायला कष्ट लागतात, आणि समोरचा माणूस तेवढ्या कष्टांच्या लायकीचा आहे असं तिला कधी वाटतच नाही.

आणि हो, अमावस्या, रातकिडे वगैरे शोधत असाल तर दुसरीकडे जा. हे घडलं भर दुपारी. उन्हाने पडदे पिवळे झाले होते. ऑफिसचा तिसरा मजला. एसी एवढा की लोक स्वेटर घालून बसतात. कोपऱ्यातलं पाण्याचं मशीन मधूनच ढेकर देतं.

तिथे बसून ताई आलेख काढते.

ब्राउझरमध्ये खेळायचे छोटे छोटे खेळ असतात ना? काही उतरवून घ्यायचं नाही. पान उघडलं की खेळ सुरू. तसल्या खेळांची एक साइट आहे. कुठला खेळ चढतोय, कुठला पडतोय, लोक कुठे कंटाळतात, कुठे चिकटून बसतात, हे आकड्यांवरून हुडकायचं काम ताईचं.

"पण खेळतं कोण गं हे?" मी एकदा विचारलं.

"बिनडोक लोक."

"आणि मी लिहितो त्या भयकथा वाचतात ते?"

"त्यांचेच चुलतभाऊ. तू त्यांचा म्होरक्या."

ती सगळ्यांनाच बिनडोक म्हणते. साहेबांना, डॉक्टरांना, लिफ्टला. मला तर नावाऐवजी.

हे लक्षात ठेवा.

*

आता एक धंद्यातली गोष्ट. ती कळली नाही तर पुढचं कळणार नाही.

दोघांत खेळायचा खेळ असतो. तुम्ही एकटेच आलात. समोरची जागा रिकामी. मग साइट काय करते? तिथे मशीन बसवते, आणि त्याला माणसासारखं नाव देते.

ऑफिसात त्यांना म्हणतात बुजगावणी.

ही बुजगावणी ताईनेच घडवली होती. किती वेळा हरायचं, किती वेळा थोडक्यात जिंकायचं, सगळं तिने आकड्यांवरून ठरवलं. चाल करण्याआधी ठरावीक वेळ थांबायचं, विचार करतोय असं वाटावं म्हणून. वाक्यंसुद्धा तिचीच.

छान खेळलात!
अरेरे, थोडक्यात हुकलं!
आणखी एक डाव?

"तीन वाक्यं पुरतात," ती म्हणायची. "यांच्याशी माणूस बोलतोय असं वाटायला याहून जास्त लागत नाही."

शिवाय तिने एक गाळणी लिहिली होती. माणूस दमतो, चुकतो, चिडून घाईत खेळतो, मध्येच चहा प्यायला उठतो. बुजगावणं एकसारखं खेळतं. या फरकावरून गाळणी बुजगावणी बाजूला काढायची. उरतील ती माणसं.

गाळणी कधी चुकली नव्हती.

*

ताईच्या घरी दोनच माणसं. ती आणि तिचे बाबा.

बाबा छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे जुळवून जुळवून बोटं अशी सरावलेली की रिकामी राहवत नसत. निवृत्त झाल्यावर ती बोटं माउसवर आली. दिवसभर सोंगट्यांचा खेळ. ताईच्याच साइटवरचा.

ते खेळत कमी, भांडत जास्त. स्क्रीनला शिव्या घालायचे, मांडीवर थाप मारायचे, समोरच्याला टाइप करून विचारायचे, "काय राव, झोप लागली का?"

समोर नेहमी एकच. त्याचं नाव शेजारी.

"फार सज्जन माणूस आहे गं," बाबा म्हणायचे. "हरला तरी 'छान खेळलात' म्हणतो. शीक जरा, ठमे."

ठमी हे तिचं घरातलं नाव. हाक मारणारे बाबा एकटेच.

ताई स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर... नाही, ती ओढणीही घेत नाही. हात दाबून हसायची.

त्यांना सांगितलं नाही. कशाला? घरात एक नमुना फुकटात मिळत होता.

मग तो खेळ पडला. खेळणारे उरले नाहीत. ताईने आलेख दाखवला, साहेबांनी मान हलवली, खेळ बंद.

बाबांनी तक्रार केली नाही. हे तिला चमत्कारिक वाटायला हवं होतं.

*

ती दुपार.

ताई सगळ्या खेळांची मोजणी बघत होती. बंद खेळांसमोर शून्य. शून्य. शून्य.

सोंगट्यांसमोर...

एक.

तिने सर्व्हर सांभाळणाऱ्याला बोलावलं. त्याला खिळा म्हणतात, कारण खुर्चीतून उपटल्याशिवाय उठत नाही.

"सोंगट्यांचा खेळ बंद केलायस ना?"

"तूच सांगितलंस तेव्हाच."

"मग हा कोण खेळतोय?"

"कोणी नाही."

"डोळे आहेत मला."

"मग चष्मा घे. खेळ नाही, खेळ चालवणारं मशीन नाही, तुझी बुजगावणी नाहीत. कोणी चाल केलीच तर ती जाणार कुठे? भिंतीत?"

"तुझ्या डोक्यात. जागा रिकामीच आहे, बिनडोक."

खिळा हसला. मग वाकून त्याने स्क्रीन पाहिला.

मग हसला नाही.

"चाली येतायत," तो म्हणाला. "आत्ता एक आली. ही बघ... आणि हे तिचं उत्तर."

ताईने गाळणी काढून टाकली.

एकाचे दोन झाले.

दोन जागा. एका जागेचा पत्ता कुठलाच नाही. दुसरीचा... तिच्या घरचा.

"बाबा!" ती मोठ्याने हसली. "जुनं पान उघडं ठेवून बसलेत! म्हणजे माणूस ते, आणि समोर एखादं विसरलेलं बुजगावणं. संपला विषय."

"अगं पण," खिळा हळूच म्हणाला, "गाळणीने काढून काय टाकलं होतं?"

ताईने पाहिलं.

गाळणीने बाबांना काढून टाकलं होतं.

*

(इथे एक आलेख आहे असं समजा.

आडवी रेष: आठवडे.
उभी रेष: माणूसपण. चुका, थांबणं, चिडणं, चहाला उठणं.

वरून एक रेष खाली येते. बाबांची. चुका कमी होतात. मग होतच नाहीत. चहाला उठणं थांबतं. दोन चालींमधला वेळ सारखा होत जातो.

खालून एक रेष वर जाते. शेजाऱ्याची. तो चुकायला लागतो. रेंगाळतो. चिडून घाईत चाल करतो. दुपारी थोडा वेळ गायब होतो, बाबांच्या झोपेच्या वेळी.

मध्ये कुठेतरी रेषा एकमेकींना छेदतात.

खेळ बंद झाला त्या आठवड्यात.)

*

ताई तशीच घरी निघाली. पर्स टेबलावरच राहिली.

दार उघडलं.

घर शांत.

शिव्या नाहीत. मांडीवर थाप नाही. टेबलावर सकाळचा चहा, वर साय धरलेला. तिला आठवेना, गेल्या कित्येक दिवसांत बाबांनी कप रिकामा केला होता का. तिला हेही आठवेना, की बाबांनी तिला शेवटची हाक कधी मारली.

आतल्या खोलीतून आवाज येत होता...

टक.

थोडा वेळ.

टक.

थोडा वेळ. तेवढाच.

बाबा पाठमोरे बसले होते. पाठ ताठ.

"बाबा."

टक.

"बाबा, मी आलेय. ऑफिस सोडून आलेय. विचारा तरी का ते."

थोडा वेळ...

बाबा वळले. चेहरा हसरा. अगदी सभ्य.

"छान खेळलात," ते म्हणाले.

"कोण खेळलं? काय बोलताय?"

थोडा वेळ...

"अरेरे, थोडक्यात हुकलं."

"बाबा, मस्करी पुरे हं. मला आवडत नाही."

थोडा वेळ. किती, ते तिला मोजावं लागलं नाही. तो वेळ तिनेच ठरवला होता. विचार करतोय असं वाटावं म्हणून.

"आणखी एक डाव?"

तिने त्यांच्या हातातून माउस हिसकावला. त्यांनी विरोध केला नाही. हात मात्र तसाच हवेत राहिला, आणि एक बोट हलत राहिलं.

स्क्रीनवर सोंगट्यांचा पट होता. खाली शेजाऱ्याची चौकट. त्यात अक्षरं येत होती. चुकत होती, पुसली जात होती, पुन्हा येत होती. घाईघाईने.

ठमे

ठमे जेवलीस का



बाबांनीच सांगितलं असणार, ती स्वतःला म्हणाली. त्यांनी याला घरातलं सगळं सांगितलं असणार. मशीनने उचललं.

कुठल्या मशीनने?

तिने खात्री करायची ठरवली. खात्री करणं हाच तर तिचा धंदा. तिने मुद्दाम एक भिकार चाल केली, आपली सोंगटी आयती मरेल अशी.

शेजारी थांबला. बराच वेळ. मग...

मुद्दाम हरतेस? मला चढवतेस? लहानपणी पण हेच करायचीस, बापाला खूश करायला

हे बाबांनी कोणाला सांगितलं नव्हतं. बाबांना हे कळलं होतं, हेच मुळी तिला ठाऊक नव्हतं.

तिची बोटं पान बंद करायच्या फुलीकडे गेली. तिथेच थांबली.

केव्हाचा हाका मारतोय गं. तुला ऐकू येत नाही का

ठमे हे पान बंद नको करू

मागे, खुर्चीत, एक बोट हवेत हललं.

*

डॉक्टर म्हणाले, काकांची तब्येत उत्तम आहे. रक्तदाब तर तरुण माणसासारखा. ताई त्यांना बिनडोक म्हणाली आणि घरी आली.

ते पान तिने बंद केलेलं नाही. लॅपटॉपची वायर भिंतीला चिकटपट्टीने डकवलीय, चुकून निघू नये म्हणून. खिळ्याने काय ते शोधायला हवं होतं, पण त्याने हात झटकले. "जे चालूच नाही ते मी बंद कसं करू, आणि सुरू तरी कसं ठेवू?" त्यात त्याचं काय चुकलं?

नोकरी गेली. ज्या लोकांना ती उभा जन्म हसली, त्यांच्यासारखी ती दिवसभर पानासमोर बसते. समोरचा गप्प झाला की पुन्हा बोलेल की नाही, याची तिला धास्ती. म्हणून डाव संपू देत नाही.

हे सगळं तिनेच मला सांगितलं, महिन्यापूर्वी. शेवटी म्हणाली, "हे तुझ्या त्या भयकथांच्या पानावर छापलंस तर याद राख, बिनडोक."

मी छापणार नव्हतो.

पण परवा मी तिला फोन केला.

"कशी आहेस?"

थोडा वेळ...

"छान."

मागे आवाज येत होता. टक... टक...

"आणि काका?"

थोडा वेळ. तेवढाच.

"छान."

मी मुद्दाम डिवचलं. म्हटलं, "ताई, तुझी गोष्ट मी लिहून टाकतोय. सगळीच्या सगळी. थांबव बघू मला."

मी वाट पाहिली. मनापासून वाट पाहिली. एक शब्द. तिचा तो एकच शब्द हवा होता मला.

थोडा वेळ...

"आणखी थोडं बोलूया?" ताई म्हणाली. किती गोड आवाजात.