सारनाईच्या कोंबड्या

मंगोलियातल्या कुणाला माझ्या बदकांची काय पडलीय, हे कोडं मला काही केल्या सुटेना. निरोप आला होता एवढाच: "हंस निघाले. बदकं कोंडा." झालं! सुमनआत्यानं माझी सगळी बदकं जाळीच्या खुराड्यात घातली. आत्या जनावरांची डॉक्टर. जायकवाडीच्या काठावर तिचं रोग-पहारा केंद्र आहे. काठावर गोगलगायी मुबलक, आणि माझी बदकं आत ओरडतायत. त्यातली पाटलीण तर माझ्याकडे पाठ करून बसली.

"आत्या, कुठे मंगोलिया, कुठे आपण?"

"ते हंसांना विचार. उन्हाळ्यात ते तिकडे अंडी घालतात आणि थंडीत हिमालय ओलांडून इथे येतात. तिकडच्या सारनाई नावाच्या मुलीला तळ्यावर एक हंस मेलेला सापडला. त्याच्यात विषाणू (दुसऱ्याच्या पेशीत शिरून वाढणारा सूक्ष्म रोगकारक) निघाला. पाखराला कोण अडवणार? मग तिचा निरोप तरी त्याच्या आधी पोचायला नको?"

"सांगायला तिचं काय जातंय!"

"तिच्या कोंबड्या गेल्या," आत्या म्हणाली. "एक बाधित निघाली, म्हणून सगळ्या माराव्या लागल्या. तुझ्याएवढीच आहे ती."

मी जाऊन खुराड्याची कडी नीट लावली.

पुढच्याच आठवड्यात काठावरच्या गवतात मला एक पट्टकादंब (डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस) मरून पडलेला दिसला. हात लावला नाही, तेवढी अक्कल आहे मला. पण सांगितलं तर बदकांची तपासणी होणार, आणि एक जरी बाधित निघालं तर पाटलीणसुद्धा जाणार. वर थोडं गवत ओढलं असतं तर कुणाला कळलं असतं? मला रडू येत होतं. सारनाईलाही आलं असेल. मी पळत जाऊन आत्याला सांगितलं.

आत्याच्या बिनमाणसाच्या यंत्रहोडीनं काठाला लागून आपल्या यांत्रिक हातानं हंसाचा नमुना घेतला. मग विषाणूचा जनुकक्रम (त्याच्या अंगातली अक्षरांची लांब माळ) पडद्यावर मंगोलियाच्या माळेशेजारी मांडला. माळ जवळजवळ तीच होती, फक्त दोन मणी वेगळे.

"वाटेत बदललाय बेटा," आत्या म्हणाली. "एकट्या मंगोलियाला हे दिसलं नसतं, एकट्या आपल्यालाही नाही. म्हणून सगळे देश आपापल्या माळा एकाच ठिकाणी ठेवतात. नवी लस कशाविरुद्ध करायची, ते त्यावरून ठरतं."

"आणि माझी बदकं?"

आत्यानं एकेकाच्या घशातून कापसाचा बोळा फिरवला. पाटलीण तिला चावली. निकाल येईपर्यंत मी खुराड्यापाशीच बसून राहिले. सगळी निरोगी निघाली. हंस येण्याआधीच खुराड्याचं दार लागलं होतं, म्हणून.

थंडी सरली तसे हंस थव्याथव्यानं उत्तरेकडे निघाले. नव्या लसीचं काम सुरू झालं होतं, पण ती हाती यायला वेळ होता. आणि सारनाईनं नुकतीच कोंबडीची पिल्लं आणली होती. निरोप मी पाठवते, असं मी आत्याला सांगितलं आणि लिहिलं:

"सारनाई, हंस निघाले. पिल्लं कोंड. ती ओरडतील, तू ऐकू नकोस."