पिंपळपानाची शाल

तामलवाडीच्या अलीकडं एस.टी.च्या इंजिनातून वाफ फुसफुसायला लागली आणि गाडी बाभळीच्या सावलीत उभी राहिली. ड्रायव्हर डबा घेऊन विहिरीकडं गेला. माणसं पाय मोकळे करायला उतरली. चंद्रप्रभा मात्र खिडकीशीच बसून राहिली. गाडीचे हिसके थांबले की सुया भराभर चालतात, आणि तिला घाईच होती. तुळजापूरच्या मुलींच्या शाळेत ती विणकाम शिकवायची. शाळेच्या प्रदर्शनासाठी घेतलेल्या शालीची शेवटची किनार तेवढी उरली होती. सोबतीला आलेली शेजारची पार्वतम्मा सोलापूर सुटल्यापासून पदर तोंडावर घेऊन झोपली होती.

मागच्या बाकावरचा एक तरुण उतरायला उठला. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीचं बक्कल शालीच्या काठाला अडकलं, ते त्याला कळलं नाही, आणि तो तसाच पुढं निघाला. चंद्रप्रभाच्या हातातली सुई सटकन निसटली.

"हलू नका," ती म्हणाली.

तो जागच्या जागी थिजला. मागं वळून त्यानं पाहिलं, तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. साध्या विणीत सुटलेला टाका शिडीसारखा सरळ खाली उतरतो, पकडता येतो. जाळीच्या विणीत तसं नसतं. तिथं मुद्दाम पाडलेली भोकं आणि चुकून सुटलेले टाके एकमेकांत मिसळतात. पिंपळाच्या पानांची नक्षी होती. त्यातलं एक पान तिच्या डोळ्यांदेखत उसवत चाललं होतं.

बक्कल त्यानं कसंबसं सोडवलं. काय करू, असं हलक्या आवाजात विचारलं. तिनं सुई त्याच्या हातात दिली, शेजारची रिकामी जागा दाखवली आणि ही अशीच आडवी धरून बसा, म्हणून सांगितलं. मग अंबाड्यातला आकडा काढून ती एकेक फास त्याच्या टोकानं वर ओढू लागली.

बराच वेळ गेला. तो पुतळ्यासारखा बसला होता.

"श्वास घेऊ का?" शेवटी त्यानं विचारलं.

"थोडा घ्या."

"एवढी भोकं मुद्दाम पाडता, आणि माझ्यामुळं चार जास्त पडली तर…"

"भोकं नाहीत ती. जाळी आहे." तिनं मान वर केली नाही. "दोरा पुढं घेतला की मोकळी जागा पडते. तेवढ्यानं टाका वाढतो, म्हणून शेजारचे दोन एकत्र घ्यायचे. हिशेब जुळला तर जाळी. नाही जुळला तर… तुम्ही केलंत ते."

तो हसला. तिलाही हसू आलं, पण तिनं ते ओठातच दाबलं. फास सगळे सुईवर आले तेव्हा तिच्या लक्षात आलं, की त्याची बोटं अवघडून लाल झालीत आणि तरी सुई तसूभर हललेली नाही. सुई परत घेताना त्याच्या बोटाला बोट लागलं. तिनं पटकन खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बाभळीशिवाय बघण्यासारखं काहीही नव्हतं.

तुळजापूरच्या स्टँडावर पार्वतम्मा जागी झाली आणि दोघांनी एकमेकांचं नावही न विचारता वाटा धरल्या. आपण नाव विचारायला हवं होतं का, या विचारानं चंद्रप्रभाला पुढं कितीतरी दिवस धड झोप लागली नाही. विचारलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं, हा दुसरा विचार. दोन्ही विचार आलटून पालटून येत राहिले.

शाल पुरी झाली. तिनं ती पाण्यात भिजवली, सतरंजीवर पसरली आणि कडेकडेनं टाचण्या लावून ताणली. सुईवरून उतरल्यावर चोळामोळा दिसणारी जाळी अशी ओली ताणली, की मगच पान न् पान उघडतं. वाळल्यावर तिनं सगळी टोकं मागच्या बाजूनं, टाक्यांच्याच वाटेनं ओवून घेतली. गाठ म्हणून कुठं मारली नाही. शाल खालीवर केली तरी उलटी बाजू कोणती ते चटकन सांगता येऊ नये, असं तिचं काम असायचं.

प्रदर्शनाला जायच्या आधीच ती शाल अनसूयाकाकूंनी तिच्याकडून मागून घेतली. त्यांच्याच घरी ती राहायची.

काकूंच्या लीलाला बघायला तेरहून मंडळी यायची होती. मुलगा शाळेत मास्तर होता. लीला हुशार होती, मॅट्रिक झाली होती. पण पोरगी पुस्तकात डोकं घालून बसते, हाताला काही येत नाही, असं म्हणून आधीच्या दोन्ही स्थळांनी पाठ फिरवली होती. काकू हैराण झाल्या होत्या. शाल समोर ठेवते, लीलानं विणली म्हणून सांगते, कुणाचं काय जातंय, असं त्या म्हणाल्या. म्हणताना त्यांनी चंद्रप्रभाच्या डोळ्यांत बघायचं टाळलं.

चंद्रप्रभा नाही म्हणू शकली नाही. पटकीच्या साथीत तिचे आईवडील गेले, तेव्हा याच काकूंनी तिला नळदुर्गहून कडेवर बसवून आणलं होतं. वर्षाचं अंतर असलेल्या दोघी पोरींना एका ताटात वाढलं होतं.

मंडळी आली. काकूंचे यजमान अंबादासकाका कचेरीतून लवकर आले होते. शिऱ्याच्या बशांचं तबक घेऊन चंद्रप्रभा सोप्यात आली, आणि समोर बसलेल्या माणसाला बघून ती तबक घेऊन तिथंच थांबली.

तोच होता. व्यंकट, असं काका त्याला म्हणत होते. त्यानंही तिला ओळखलं. मग त्याची नजर चौरंगावरच्या शालीवर गेली, शालीवरून लीलाकडं, आणि पुन्हा तबकाकडं.

त्याच्या थोरल्या बहिणीनं, सखूबाईंनी, शाल उचलून मांडीवर घेतली होती. व्यंकट त्यांच्याच घरी लहानाचा मोठा झाला होता. तो त्यांना अक्का म्हणायचा. अक्कांनी आधी शाल उलटी केली, मागची बाजू बोटांनी चाचपली. मग एका पानापाशी त्यांचं बोट थांबलं.

"इथं टाका सुटला होता वाटतं," त्या म्हणाल्या. "उचललाय मात्र सुरेख. कसा उचललास गं, लीला?"

लीला खाली बघत राहिली. काकूंचा हात पदराशी गेला. चंद्रप्रभाच्या हातातल्या तबकात बशा एकमेकींवर वाजू लागल्या, आणि तो आवाज साऱ्या सोप्यात ऐकू जातोय असं तिला वाटलं. आता ते बसमधलं सगळं बोलणार. एका शब्दात सगळ्यांची इज्जत जाणार.

"अक्का," व्यंकट म्हणाला, "मुलीला बघायला आलोय, परीक्षा घ्यायला नाही. शिरा निवायलाय."

अक्का हसल्या. शाल घडी होऊन चौरंगावर गेली. बाजाराच्या दिवसापर्यंत कळवतो म्हणून मंडळी उठली. पण निघताना अक्कांनी लीलाच्या गालावरून हात फिरवला, तेव्हाच काकूंनी होकार धरून टाकला.

त्या दिवसापासून लीलाचा विणकामाचा अभ्यास सुरू झाला. लग्नानंतर उघडं पडायला नको, म्हणून काकूंनी दोघींना समोरासमोर बसवलं. लीलाचे टाके इतके घट्ट पडायचे की सुई आत शिरायची नाही. ती सुया टाकून द्यायची. आपल्याला धाराशिवला जाऊन शिक्षिकेचं ट्रेनिंग करायचंय, लग्नाचं आत्ता नकोच आहे, हे ती चंद्रप्रभाला सांगायची. आईला सांगायची हिंमत मात्र तिच्यात नव्हती. एकदा मध्येच तिनं विचारलं, की ताई, ते सारखे तुझ्याकडं का बघत होते? चंद्रप्रभाच्या हातून धागा पुढं घ्यायचा राहिला आणि ओळ चुकली. मग तिनं बसमधलं सगळं लीलाला सांगितलं. लीला ऐकत राहिली. तिनं शेवटी एवढंच विचारलं, की आता काय करायचं? चंद्रप्रभानं चुकलेली ओळ उसवायला घेतली.

बाजाराच्या आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, व्यंकट शाळेच्या फाटकाशी आला. लिंबाखाली मुली डबे खात होत्या. चंद्रप्रभा फाटकापर्यंत गेली. आपल्याला सगळे बघतायत, हे तिला पाठीवर जाणवत होतं.

"तुम्ही इथं यायला नको होतं," ती म्हणाली.

"चोरून भेटलो असतो तर तुम्हाला जास्त त्रास झाला असता. उद्या अक्का होकार कळवणार आहे. मी काय सांगू, ते विचारायला आलोय."

"लीला चांगली मुलगी आहे."

"असेल. मी तिच्याबद्दल नाही विचारलं."

ती फाटकाच्या सळईवरचा गंज नखानं खरवडत राहिली. मनात घोळत होतं तेच शेवटी तोंडातून आलं.

"शाल कुणाची ते तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही गप्प का बसलात?"

"बसमध्ये एवढं अवघड काम करताना तुमचा हात हलला नव्हता. त्या दिवशी बशा वाजायल्या होत्या." तो थांबला. "ज्या गोष्टीची तुम्हाला इतकी भीती वाटते, ती माझ्यामुळं कशी घडू देऊ? पण खोट्यावर लग्नही करता येणार नाही मला. कालपर्यंत वाटलं, आपण नुसता नकार कळवावा आणि तेरमध्ये गप्प पडून राहावं. ते जमणार नाही. रोज मुलांना गणित शिकवताना मला तुमचा हिशेब आठवतो… एक वाढला की दोन एकत्र घ्यायचे."

तिचे कान तापले. हसावं की रडावं, ते तिला कळेना.

"तुमचा नकार आला, तर लीलाला तिसऱ्यांदा नकार. आणि माझ्यासाठी आला असं कळलं, तर काकू… त्यांनी मला कडेवर बसवून आणलंय हो."

"मग मी काय करू, ते तुम्हीच सांगा."

चंद्रप्रभानं मान वर केली.  हे काम त्याच्यावर ढकलता येणार नाही, एवढं तिला स्पष्ट दिसलं.

"तुम्ही काही करू नका," ती म्हणाली. "आज घरी मी बोलते. उद्या अक्कांनी काही कळवायच्या आत."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

 घंटा झाली. ती वर्गाकडं चालत गेली आणि मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर धीर सुटला असता.

संध्याकाळी काका अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. काकू निरांजन लावून आल्या. चंद्रप्रभानं दोघांसमोर बसून सगळं सांगितलं. शाल आपली आहे हे मुलाला पहिल्यापासून ठाऊक आहे, आणि तो आज शाळेत येऊन काय म्हणाला, तेही. 

 काकू म्हणाल्या, "माझ्या पोरीचंच स्थळ सापडलं तुला?"

त्या एका वाक्यानं चंद्रप्रभाच्या आतलं सगळं सुटत गेलं. ती उठणार, तोच लीला आतून आली आणि आईच्या पुढ्यात बसली. मला लग्न नकोच होतं, ती म्हणाली. ट्रेनिंगला जायचंय. तिसरा नकार माझा समज. काकूंनी तिच्याकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून त्या आत गेल्या.

काकांनी अडकित्ता खाली ठेवला. आपल्या घरात पाहुण्यांशी खोटं बोललं गेलं आणि आपण ऐकून घेतलं, याचीच त्यांना शरम वाटत होती. सकाळच्या पहिल्या गाडीनं ते तेरला गेले.

तो दिवस सरता सरेना. काकू कामापुरतंच बोलत होत्या. चंद्रप्रभा शाळेत गेली, परत आली, अंगणात बसून एका मुलीच्या स्वेटरच्या बाह्या शिवू लागली. दोन कडांचे टाके समोरासमोर घेत गेलं की शिवण दिसू नये, असं ती वर्गात शिकवायची. आज तिची शिवण सारखी वर येत होती. ती उसवायची, पुन्हा शिवायची. काकांना एवढा उशीर म्हणजे काय झालं असेल? अक्का चिडल्या असतील. गावभर बोलल्या असतील. आता लीलाचंही कुठं जमणार नाही…

दिवस कलताना काका आले. त्यांच्यासोबत अक्का होत्या. व्यंकट उंबऱ्याबाहेरच थांबला.

अक्कांचा चेहरा कडक होता. त्या काकूंसमोर बसल्या आणि मला फसवलंत, हे त्यांनी आधी सांगितलं. काकूंनी मान खाली घातली आणि पोरीच्या काळजीनं बुद्धी फिरली म्हणून कबूल केलं. अक्का थोड्या निवळल्या. तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं कुणास ठाऊक, असं पुटपुटल्या. मग दाराकडं बघून म्हणाल्या, "बाहेर काय उभा राहिलास? माझ्या तोंडून नको. तुला विचारायचंय ना, तूच विचार."

व्यंकट आत आला. त्यानं काकांना नमस्कार केला, काकूंना केला, आणि चंद्रप्रभासमोर उभा राहिला.

"सगळ्यांसमोर विचारतो," तो म्हणाला.  "माझ्याशी लग्न कराल?"

चंद्रप्रभानं त्याच्याकडं पाहिलं नाही. तिनं काकूंकडं पाहिलं. काकूंचे डोळे सुजले होते. लीलानं आईचा हात हातात घेतला होता. 

काकूंनी पदरानं डोळे पुसले. उठून त्या चंद्रप्रभापाशी आल्या, तिच्या मांडीवरचा स्वेटर काढून बाजूला ठेवला आणि तिची हनुवटी धरून तोंड व्यंकटकडं वळवलं.

"माझ्याकडं काय बघतीस, बाळ?" त्या म्हणाल्या. "त्यांनी तुला विचारलंय. तूच सांग त्यांना."

आणि चंद्रप्रभानं सांगितलं.