अंगाला लागलेली बाजू

त्याने मला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मी मुकी आहे असं त्याला वाटलं.

श्रावणातला गुरुवार होता. सरी येत होत्या, जात होत्या. नारायण पेठेतल्या दत्ताला मी प्रदक्षिणा घालत होते, आणि मागून आवाज आला —

"अहो, इथे गोधड्या शिवणाऱ्या सुहासिनीबाई कुठे राहतात?"

प्रदक्षिणा चालू असताना बोलायचं नाही, हा माझा नेम. मी पुढे गेले. फिरून आले, तर तो तिथेच! काखेत गाठोडं, केसांतून पाणी निथळतंय.

"वयस्कर आहेत म्हणे. चष्मा असेल..."

मी पुढे.

"बरं, मान तरी हलवा!"

शेवटची प्रदक्षिणा झाली. नमस्कार केला आणि वळून म्हटलं, "मीच. चष्मा अजून लागलेला नाही."

तो कानापर्यंत लाल झाला. "मग मघाशी तुम्ही..."

"देवाशी बोलत होते."

"आणि मी मध्ये मध्ये —"

"हो. पण देवानं मनावर घेतलेलं दिसत नाही."

पुष्कर त्याचं नाव. मांजरी गावचा. दोन हजार साल उजाडायच्या आत तिकडचे कॉम्प्युटर नीट करायला कंपनी त्याला अमेरिकेला पाठवत होती. गाठोड्यात त्याच्या आईच्या छापील सुती साड्या होत्या. ती वैशाखात गेली होती.

"तिकडे थंडी फार असते म्हणतात," घरी आल्यावर तो म्हणाला.

पक्षाघातानं माझ्या आईचे पाय गेले होते, जीभ शाबूत होती. खाटेवरूनच तिनं विचारलं, "अमेरिकेत ब्लँकेटं मिळत नाहीत वाटतं?"

"मिळतात हो काकू. पण त्यांना आईचा वास नसतो."

आईनं मला खुणेनं सांगितलं — चहा टाक.

पुढच्या गुरुवारी तो काम बघायला आला. जमिनीवर गोधडी पसरली होती. बघताच म्हणाला, "अहो, चुकलंय! सगळे तुकडे उलटे लावलेत. फुलं किती फिकी दिसतायत!"

"चुकलेलं नाही," मी म्हटलं. "सुलट बाजू जगानं पाहिली. उलट बाजू रोज त्यांच्या अंगाला लागत होती. तीच आता तुमच्या अंगाला लागू दे..."

तो खाली बसला. एका तुकड्यावर त्यानं तळवा टेकवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. बाहेर पागोळ्या गळत होत्या. मी सुईत दोरा ओवत होते... तो काही केल्या ओवला जाईना.

मग तो दर गुरुवारी येऊ लागला. कधी दोऱ्याची रिळं घेऊन, कधी आईसाठी पेरू घेऊन. माझे टाके बारीक होत चालले, ओळी जवळजवळ येत चालल्या.

"ह्या वेगानं हा मुलगा म्हातारा होऊन जाईल अमेरिकेला," आई म्हणायची.

"माझी तक्रार नाही, काकू!"

एकदा हळूच म्हणाला, "ही मोरपंखी साडी... पांढऱ्या बुट्टीची... देवळात होती, तीच ना?"

"गुरुवारची आहे ती."

"ठाऊक आहे. म्हणून तर गुरुवारी येतो."

मला हसू आलं. सुई बोटात गेली.

नवरात्र उठलं आणि त्याचं तिकीट आलं. त्या दिवशी त्यानं गोधडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सुहास, येशील माझ्याबरोबर?"

खाटेवर आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचा श्वास झोपेतला नव्हता.

"आईला मोरीपर्यंत कोण नेईल?" मी म्हटलं.

"मग... मी जात नाही."

"पासपोर्ट आला तेव्हा तापात उठून तुमच्या आईनं पेढे वाटले होते. तुम्हीच सांगितलंत ना?"

तो मान खाली घालून बसून राहिला. सांत्वन करावंसं वाटलं. पण मी उठून आईचं पांघरूण सारखं केलं.

जायच्या आदल्या दिवशी तो गोधडी न्यायला आला. घडी उलगडून त्यानं एकेक तुकडा ओळखला. ही सणाची, ही शाळेत सोडायला यायची ती, ही दवाखान्यातली... आणि कोपऱ्याशी त्याचं बोट थांबलं.

"ही आईची नाही."

मी खाली पाहिलं. मोरपंखी रंग उलट्या बाजूनं अगदी फिकट दिसतो. पांढरी बुट्टी नीट पाहिली तरच कळते.

"उलटी लावलीस," तो म्हणाला. "म्हणजे..."

"हो."

एवढंच बोलले. देवाशिवाय कुणाला इतकं कधी सांगितलं नव्हतं.

त्यानं त्या तुकड्यावर तळवा टेकवला, आईच्या साडीवर टेकवला होता तसाच. डोळे मिटले. आणि मी, जिला कुणी कधी स्पर्श केला नव्हता, दारात उभी राहून थरथरत होते.

"थंडी वाढली," मी म्हटलं, "की ती बाजू आत घ्या."

तो गेला. आई पुढे तीन पावसाळे काढून गेली. तोवर तिकडे त्याचं लग्न झाल्याचं कानावर आलं होतं. दत्तासमोर मी त्याच्या संसाराला सुख मागितलं... मनापासून मागितलं.

गुरुवारी अजून मी तीच मोरपंखी नेसते. तुकडा आतल्या टोकाचा कापला होता, ते टोक कमरेशी खोचलं की कुणाला दिसत नाही. फक्त निऱ्या घालताना... दर वेळी एक निरी कमी पडते.