अर्ध्यावर थांबणारं पाखरू

एक होता वेताच्या खुर्च्या विणणारा म्हातारा, एक होती त्याची लेक, एक होता जावई, आणि चौथं होतं एक पाखरू. पहिली तिघं एका घरात राहत. पाखरू परसातल्या झाडावर राहत होतं, असं आपण धरून चालू.

म्हाताऱ्याचे डोळे जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकदम नाही गेले. उतरत्या उन्हासारखे गेले. आधी लांबचं गेलं, मग जवळचं, मग बायकोचा चेहरा. चेहरा गेला आणि पाठोपाठ बायकोही गेली. "दिसेनाशी झाली होतीसच, म्हणून काय घरातूनही उठून जायचं?" असं तो तिच्या रिकाम्या खाटेला अधूनमधून विचारायचा. खाट काय बोलणार.

हात मात्र शाबूत होते. वेत बोटांना दिसतो, डोळे लागत नाहीत. टबात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या, त्यांचा तो ओलसर, जरा आंबूस वास, समोर खुर्चीची चौकट, आणि खिडकी उघडी. खिडकी उघडी हवीच. डोळ्यांनी जे सोडलं होतं ते त्याने कानांनी धरून ठेवलं होतं. गल्लीत त्याला सगळे कानसेन म्हणत.

पहाटे पहिला दयाळ बोलायचा. शीळ घालून झाली तरी आणखी थोडी लांबवणारा, निघतो निघतो म्हणत उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा. मग बुलबुल. मग चिमण्यांची शाळा भरायची. सुतारपक्षी ठोकायला लागला की ऊन भिंतीवर आलं समजायचं, आणि पिंगळ्यांचं नवराबायकोचं भांडण सुरू झालं की दिवे लावायचे. लेक चहाचा कप हातात द्यायची आणि तिथेच खिडकीशी बसायची. बापलेकीचा हा लहानपणापासूनचा खेळ. रंग तिने सांगायचा, नाव त्याने.

"बाबा, हा हिरवट कोण? एवढुस्सा, शेपटी वर."

"शिंपी. जीव केवढा आणि आवाज बघ. घरात सासूच आल्यासारखा."

"सासूला बोलू नका. माझी गरीब होती."

त्या वर्षी मात्र खेळातही दोघं जपून बोलत. लेकीला दिवस गेले होते, तिसऱ्यांदा. पहिलं मध्येच गेलं होतं. दुसरं भरल्या दिवसांचं आलं, पण न रडता आलं आणि न रडताच गेलं. पाळणा तेव्हापासून माळ्यावर कापडात गुंडाळलेला. जावई लांबच्या गाड्यांवर बसचालक, एक रात्र घरी तर दोन बाहेर. घरात असला की उगाच दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालायचा. बाळ हा शब्द तिघांपैकी कोणी काढत नसे. ओठांवर यायचा आणि प्रत्येकजण आपापला गिळायचा.

अशात एका दुपारी शिक्रा ओरडला. चिमण्या चिडीचूप. म्हातारा कान देऊन ऐकत राहिला आणि हसला.

"शिक्रा नाही तो. कोतवाल आहे, नकल्या. शिक्र्याचा आवाज काढायचा, चिमण्या पळाल्या की त्यांचा किडा उचलायचा."

"दिसत नाही कुठे, बाबा. पानं दाट आहेत."

"दिसायला कशाला हवा. ऐकू येतोय ना."

आठवडाभरात त्या नकल्याने घरातलं सगळं उचललं. वेत चिरताना होणारी चर्रर्र, शेजारच्या सिस्टरबाईंच्या फाटकाची कुरकुर, चहाच्या किटलीची शिट्टी. किटलीसाठी लेक दोनदा स्वयंपाकघरात धावली आणि दोनदा कपाळावर हात मारून परत आली. म्हाताऱ्याने मग तिला आपल्या लहानपणच्या न्हाव्याची गोष्ट सांगितली. न्हाव्याची साळुंकी त्याच्या बायकोचं ओरडणं शिकली होती. बायको मेली, साळुंकी ओरडत राहिली, आणि ती ओरडली की न्हावी दचकून चहा टाकायला उठायचा, शेवटपर्यंत.

"पाखरू मनाचं काही बोलत नाही," म्हातारा म्हणाला. "ऐकलं असेल तेवढंच बोलतं."

हे वाक्य त्याने सहज टाकलं. पुढे त्याच्याच गळ्यात येऊन पडलं.

थंडी सुरू झाली होती. पहाटे अजून दयाळसुद्धा उठला नव्हता. म्हातारा जागा होता, म्हाताऱ्यांना झोप ती किती. आणि झाडातून बाळ रडलं.

नुकतं जन्मलेलं बाळ. ओलं रडणं, कोवळं, जरा चिरकं, वर चढत जाणारं, मध्ये एक थरथर… आणि तुटलं. कात्रीने दोरा कापावा तसं. पुढे काही नाही. मुसमुस नाही, उसासा नाही.

त्याने मनातल्या मनात सगळी गल्ली फिरून पाहिली. सिस्टरबाई एकट्या. समोर गोदाम. पलीकडे घड्याळजी, त्याचे मुलगे मिशा फुटलेले. तान्हं मूल कुठेच नव्हतं. या घरात तर कधी कोणी रडलंच नव्हतं. मग पाखराने ऐकलं कुठे?

दुसऱ्या पहाटे तेच. तिसऱ्या पहाटेही. तोच चढ, तीच थरथर, आणि तिथेच तुटणं. म्हातारा श्वास धरून पुढच्या आवाजाची वाट बघायचा. पुढे नुसती शांतता, आणि टबातल्या वेताचा वास.

जावई घरी आला त्या पहाटे म्हाताऱ्याने त्याला हलकेच उठवून परसात नेलं.

"जावईबापू, तेवढं झाड बघा. काळं पाखरू असेल, दुभंगल्या शेपटीचं."

जावयाने बराच वेळ पाहिलं असावं.

"झाड रिकामं आहे, बाबा."

"पानांआड असेल."

"पानं कुठली… पानगळ झाली ना. नुसत्या फांद्या आहेत. सगळं स्वच्छ दिसतंय."

आणि त्या रिकाम्या झाडातून, दोघांच्या डोक्यावर, बाळ रडलं. चढलं. थरथरलं. तुटलं.

जावयाची चप्पल मागे सरकली, मातीवर घासत. तो कुजबुजला, "हे तिच्या कानावर जाता कामा नये."

पण तिच्या कानावर कधीच गेलं होतं. कानसेनाचीच लेक ती.

"बाबा, पहाटे कोण रडतं हो?" चहाचा कप देताना तिने विचारलं. आवाज साधा.

म्हातारा जन्मात पाखराचं नाव चुकला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा खोटं बोलला. "रडवं म्हणतात त्याला. थंडीचं पाहुणं पाखरू."

"रंग कसा असतो?"

"राखाडी."

"कधी सांगितलं नाहीत या रडव्याचं."

"क्वचित येतं."

ती खिडकीशी बसली आणि म्हणाली, "मग ते मध्येच का थांबतं?"

"श्वास घेत असेल."

"एवढा वेळ… श्वास घेतं का कोणी, बाबा?"

म्हाताऱ्याने पट्टी ओढली, इतकी जोरात की ती तुटली.

त्यानंतर ती पहाटे आपल्या खोलीत जागी असायची, हे त्याला भिंतीपलीकडून कळायचं. जागं माणूस वेगळं निजतं. दोन खोल्यांत दोन माणसं अंधारात एकाच आवाजाची वाट बघायची, आणि एकमेकांना सांगायची नाहीत. त्या दिवसांत ते घर इतकं एकटं झालं होतं की किटली उकळली तरी कोणी आल्यासारखं वाटायचं.

विचार करकरून म्हाताऱ्याचं डोकं शिणलं. पाखरू ऐकलेलंच बोलतं. हे तर अजून कोणी ऐकलेलं नाही. म्हणजे ते व्हायचंय. आणि होईल तेव्हा असंच होणार, रडणार आणि तुटणार. नशिबाला हात लावता येत नाही. पण नकल्याला शिकवता येतं. न्हाव्याच्या साळुंकीला कोणी मुद्दाम शिकवलं नव्हतं, रोज कानावर पडलं म्हणून शिकली.

दुसऱ्या पहाटे तो काठी टेकत झाडाखाली गेला. काठीचं लोखंडी टोपण सैल झालेलं, त्यामुळे ती दोनदा वाजायची, टक् आणि मागोमाग बारीक च्यक्. झाडाखाली उभा राहिला. बाळ रडलं, तुटलं. त्या तुटल्या जागी म्हाताऱ्याने गुणगुणायला सुरुवात केली. विणताना तो नाकातून जे गुणगुणायचा तेच, ना शब्द ना सूर. बायको त्याला म्हणायची, भुंगा शिरलाय घरात. हूं… हूं… हूंऽऽ. मध्ये त्याचा तो दम लागल्याचा खाकरा, आणि पुन्हा हूं.

रोज. थंडीत, उघड्या डोक्याने. रडणं तुटलं की भुंगा.

फाटक कुरकुरलं. या वेळी खरं. सिस्टरबाई. जन्मभर बाळंतपणाच्या वॉर्डात काढून निवृत्त झालेल्या, जिभेला धार.

"काय हो कानसेन, पहाटे पहाटे कोणाला गाणी म्हणता? झाडाला नाही, पण तुम्हाला पालवी फुटलेली दिसते."

"शिकवणी घेतोय."

"कोणाची?"

"तुम्हाला काही ऐकू येत नाही का, सिस्टर?"

"येतं," म्हणाल्या, वेगळ्याच आवाजात. "मी खिडकी लावून घेते." आणि गेल्या.

पाखरू शिकायचं नाव घेईना. रडायचं, तुटायचं, म्हातारा गुणगुणायचा, झाड ऐकून घ्यायचं. बस.

मग ती पहाट आली. धुकं असं उतरलं की जावयाने दोन गावांपलीकडून फोन करून सांगितलं, बस बाजूला लावली आहे, समोरचं काही दिसत नाही. आणि त्याच वेळी लेकीने भिंतीवर हात आपटला. दिवस भरायला अजून अवकाश होता. रुग्णवाहिका निघाली असं दवाखान्यातून फोनवर म्हणाले, पण धुक्यात ती कुठवर येणार. सिस्टरबाई पदर खोचून आल्या.

"तुम्ही बाहेर. पाणी तापवा, देवाचं नाव घ्या, काय हवं ते करा, पण दाराबाहेर."

म्हातारा दाराला पाठ लावून बसला. आतून लेकीचे आवाज येत होते. त्याला ती लहान असतानाची तापातली कण्हणी आठवत होती. बाहेर एकही पाखरू बोलत नव्हतं. दयाळ नाही, चिमणी नाही. धुक्याने सगळ्यांच्या तोंडावर हात ठेवल्यासारखा.

आणि बाळ रडलं. आतून. खरं.

तोच चढ. तीच थरथर. आणि तुटलं.

चापटीचा आवाज. पुन्हा चापटी. सिस्टरबाईंचा दबका आवाज, "ए… ए बाई… चल की गं…"

म्हाताऱ्याने गुणगुणायला तोंड उघडलं. घसा कोरडा ठणठणीत. इतक्या पहाटा घासून तयार केलेला आवाज नेमका आता निघेना. ओठ हलत होते, नाकातून नुसती हवा.

तेव्हा बाहेर झाडावर भुंगा बोलला.

हूं… हूं… हूंऽऽ. मध्ये खाकरा. पुन्हा हूं. त्याचाच आवाज, त्याच्याच दमाचा. झाडावरून खिडकीशी आला. मग खिडकीशी राहिला नाही.

आणि दाराआड बाळ पुन्हा रडलं, आणि रडतच राहिलं, अख्खी गल्ली जागी होईल असं, किटली ओतू जावी तसं.

मुलगी झाली. सिस्टरबाई हात पुसत बाहेर आल्या, म्हाताऱ्याशेजारी जमिनीवरच बसल्या. "आत येऊ नका सांगितलं होतं ना. ऐन वेळी कानाशी येऊन गुणगुणत बसलात."

"मी दारातच होतो, सिस्टर."

त्यांनी हात पुसायचे थांबवले. मग पुन्हा पुसू लागल्या. त्यावर पुढे कधी बोलल्या नाहीत.

घराचं बरं झालं. पाळणा माळ्यावरून उतरला. जावयाला जवळच्या फेऱ्या मिळाल्या, रोज दिवे लागायच्या आत घरी. एका मोठ्या हॉटेलाने खुर्च्यांचं काम दिलं, म्हातारा आणि लेक समोरासमोर बसून विणत, नात मध्ये रांगे. लेकीने तिलाही खेळ शिकवायला घेतला, हा कोण, हा कोण. झाडाला पालवी आली. बाळाचं रडणं झाडातून पुन्हा कधी आलं नाही.

एका पहाटे म्हातारा अंथरुणात पडून दयाळाची वाट बघत होता. झाडातून वेगळाच आवाज आला. टक् आणि मागोमाग बारीक च्यक्. टक्… च्यक्. त्याने हात लांबवून पाहिलं. काठी उशाशीच होती. झाडातल्या आवाजातली काठी संथपणे घरातून निघाली, पायऱ्या उतरली, झाडाकडे चालू लागली… आणि मध्येच थांबली. म्हातारा त्या वाटेवर असा मध्येच कधी थांबला नव्हता.

तिथेच थांबते. रोज.

म्हाताऱ्याने कोणाला सांगितलं नाही. चहाच्या वेळी खिडकीशी बसला, नेहमीसारखा. पायाशी नात वेताचा तुकडा घेऊन खुर्चीच्या पायावर आपटत होती. टक्. टक्. टक्. थांबायचं नाव नाही.

"किती वात आणलाय या पोरीने," लेक म्हणाली. "काढून घेऊ का हातातला?"

"राहू दे," म्हातारा म्हणाला. "खिडकीजवळ बसव तिला. वाजवू दे रोज."

झाडावर काहीतरी गप्प होऊन ऐकत होतं. अजून शिकलं नव्हतं.